अळवावरचं पाणी आणि पोस्टरवरचं तिसरं नाव

प्रकरण आमच्याच प्रयोगशाळेतलं आहे, म्हणून आधी ते सांगते. मी कोल्हापुरात एका महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवते. महाविद्यालयाचं नाव लिहीत नाही. चूक माझी होती, इमारतीची नव्हती.

एमएस्सीच्या शेवटच्या वर्षाला तिघांचा एक प्रकल्प होता. एक मुलगी गडहिंग्लजकडची, एक शाहूपुरीतली आणि एक मुलगा इचलकरंजीचा. लॅबमध्ये एकमेकांना गावावरून हाक मारायची आमची जुनी खोड आहे, तीच नावं इथं ठेवते. विषय साधा होता: काळा दगड गामा किरण जास्त अडवतो की जांभा? सीझियम-१३७ चा छोटा स्रोत, किरण मोजणारा गायगर-म्यूलर काउंटर (स्रोत नसला तरी आसपासचे थोडे किरण, म्हणजे बॅकग्राउंड, तो मोजतोच), खाणीतून कापून आणलेल्या काळ्या दगडाच्या फरशा आणि आंबा घाटाच्या बाजूनं आणलेला जांभा, एवढंच सामान.

तिसरं सेमिस्टर संपता संपता गडहिंग्लजच्या वडिलांना अर्धांगाचा झटका आला. घरचं किराणा दुकान चालवायला दुसरं कुणी नव्हतं. पोरगी बॅग भरून गेली. उरलेले दोघं मोजण्या घेत राहिले आणि त्या मोजण्या उलट्याच येऊ लागल्या. काळा दगड जड, घट्ट. जांभा हलका, भोकाभोकांचा. किरण काळ्या दगडानं जास्त अडवायला हवेत. पण आकडे म्हणत होते, जांभा जास्त अडवतो. दोघांनी तीन आठवडे काउंटरचं व्होल्टेज बदललं, स्रोत बदलून बघितला, मलाही विचारलं. मी म्हटलं, जांभ्यात लोह असतं, बघा त्या बाजूनं. हे उत्तर आता आठवलं की कानकोंडं व्हायला होतं.

शेवटी इचलकरंजीनं मांडणीचा फोटो गडहिंग्लजला पाठवला. तिनं दुकानाच्या गल्ल्यावर बसून तो मोठा करून बघितला आणि उधारीच्या वहीच्या मागच्या पानावर हिशोब केला. जांभा पातळ कापला की चुरा होतो, म्हणून त्याची फरशी चार सेंटीमीटर जाड घेतली होती. ती मावावी म्हणून कुणीतरी स्रोत दोन सेंटीमीटर मागं सरकवला होता. दगडाशिवायची मोजणी दहा सेंटीमीटरवर, दगड ठेवून केलेली बारावर. अंतर दहाचं बारा झालं की किरण आपोआप सत्तर टक्क्यांच्या आत येतात, दगड असो वा नसो. तो घाटा जांभ्याच्या नावावर जमा होत होता. तिनं तसं कळवलं, दोघांनी मोजण्या पुन्हा घेतल्या, आकडे सरळ आले.

पोस्टर छापलं तेव्हा त्यावर दोन नावं होती. मी खाली मार्गदर्शक म्हणून सही केली.

तोंडी परीक्षेला बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "हे अंतराचं कुणाच्या लक्षात आलं?" इचलकरंजी भाबडेपणानं म्हणाला, "गडहिंग्लजच्या, सर. ती आता इथं नाही." परीक्षकांनी पोस्टरकडं बघितलं, मग माझ्याकडं. शाहूपुरी पटकन म्हणाली, "ती प्रयोगाला नव्हती ना, सर."

त्या वाक्यानं माझी त्या रात्रीची झोप गेली. हेच वाक्य मी आधी कुठंतरी वाचलं होतं, वेगळ्या भाषेत, फार मोठ्या माणसांच्या बाबतीत. निकालाला अवकाश होता. मी दोघांना आणि वर्गातल्या आणखी सात-आठ जणांना तीन दुपार बोलावलं आणि अणूचं केंद्रक फुटतं कसं हे उलगडणाऱ्या भौतिकशास्त्रज्ञ लिझ माइटनर यांचं प्रकरण मांडलं. पोस्टरचा विषय काढायचा नाही, असं स्वतःला बजावून ठेवलं होतं.

पहिली दुपार

माइटनर व्हिएन्नाच्या. जन्म १८७८ चा, आठ भावंडांतल्या तिसऱ्या, वडील वकील. त्या काळी ऑस्ट्रियात मुलींची शाळा चौदाव्या वर्षी संपायची. विद्यापीठाची दारं मुलींना उघडली १८९७ साली, पण आत जायला जी परीक्षा लागायची तिची तयारी करून घेणारी शाळा मुलींना नव्हती. मुलांनी आठ वर्षांत केलेला अभ्यास त्यांनी शिकवणी लावून दोनेक वर्षांत उरकला. १९०१ च्या त्या परीक्षेला चौदा मुली बसल्या, चार पास झाल्या. विद्यापीठात लुडविग बोल्ट्झमान यांच्यासारखे मोठे भौतिकशास्त्रज्ञ शिकवायला लाभले आणि १९०६ मध्ये डॉक्टरेट मिळाली.

इथं मी वर्गाला थांबवून कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयाची आठवण करून दिली. आपलं सीपीआर तेव्हा आल्बर्ट एडवर्ड हॉस्पिटल होतं, आणि विसाव्या शतकाच्या त्या पहिल्याच वर्षांत शाहू महाराजांनी तिथं कृष्णाबाई केळवकर यांना डॉक्टर म्हणून नेमलं होतं. कोल्हापुरात बाई पगारावर डॉक्टर होती, त्याच दशकात बर्लिनमध्ये काय चाललं होतं ते ऐका, म्हटलं.

१९०७ साली माइटनर बर्लिनला गेल्या, भौतिकशास्त्रज्ञ माक्स प्लांकची व्याख्यानं ऐकायला. तिथं ओटो हान नावाचा त्यांच्याच वयाचा रसायनवाला भेटला. त्याला किरणोत्सारावर काम करायला भौतिकी येणारं माणूस हवं होतं. पण हानचे प्रमुख एमिल फिशर यांच्या रसायनशाळेत बायकांना मज्जाव. तोड निघाली ती अशी: तळघरात एक सुतारकामाची खोली होती, तिला बाहेरून वेगळं दार होतं. बाईंनी त्या खोलीत काम करावं, वर पाऊल टाकू नये. स्वच्छतागृह? रस्त्यावरच्या हॉटेलात जायचं. पगार नाहीच. डॉक्टर झालेली तिशीची बाई वडिलांनी पाठवलेल्या पैशावर राहत होती. पुढं प्रशियातली विद्यापीठं बायकांना खुली झाली तेव्हा फिशर नमले. पहिला पगार मिळाला १९१२ साली, प्लांकच्या हाताखाली विद्यार्थ्यांचे पेपर तपासण्याचा.

"म्हणजे सीएचबी," मागून कुणीतरी म्हणालं. तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांना आमच्याकडं हेच म्हणतात. वर्ग हसला, मीही हसले. मी त्या तत्त्वावर नऊ वर्षं काढलीत.

१९०८ च्या शेवटी किरणोत्साराचे मोठे अभ्यासक रदरफर्ड बर्लिनला आले. 'एल. माइटनर' या सहीचे निबंध त्यांनी वाचले होते. समोर बाई बघून ते उद्गारले की मला वाटलं होतं तुम्ही पुरुष असाल. मग रदरफर्ड आणि हान किरणोत्सारावर बोलत बसले आणि माइटनरबाईंना रदरफर्डच्या पत्नीबरोबर नाताळच्या खरेदीला जावं लागलं.

थोडं विषयांतर. आमच्याकडं मुली "मी जातो", "मी करतो" असंच बोलतात. पुण्याची पाहुणी आली की तोंडावर पदर धरून हसते. मला त्या "करतो"चा अभिमान आहे, पण व्याकरणानं दिलेला मान टेबलापर्यंत पोचतोच असं नाही, हेही मी बघितलंय.

१९१७ साली शाहू महाराजांनी संस्थानात सक्तीच्या मोफत प्राथमिक शिक्षणाचा हुकूम काढला. त्याच वर्षी बर्लिनजवळ डालेमच्या कैसर विल्हेल्म रसायन संस्थेत माइटनर यांना स्वतःचा भौतिकी विभाग मिळाला. त्याच सुमाराला त्यांनी आणि हाननं प्रोटॅक्टिनियम हे मूलद्रव्य शोधलं. हान बराच काळ युद्धावर होता; बरंचसं काम बाईंनी एकटीनं रेटलं आणि निबंधावर पहिलं नाव हानचं घातलं. हे मी वर्गाला दोनदा वाचून दाखवलं. माणूस समोर नसतानाही त्याचं नाव पहिलं घालता येतं, याचा दाखला त्यांनीच देऊन ठेवला होता.

१९२२ मध्ये त्यांना विद्यापीठात शिकवण्याचा अधिकार मिळाला. पहिलं व्याख्यान वैश्विक भौतिकीवर होतं. वर्तमानपत्रानं 'कॉस्मिक'चं 'कॉस्मेटिक' केलं आणि छापून आलं: सौंदर्यप्रसाधनांची भौतिकी. १९२६ ला त्या प्राध्यापक झाल्या, जर्मनीत भौतिकशास्त्रातल्या पहिल्या महिला प्राध्यापक. आता संस्थेत हानचा रसायनाचा मजला आणि यांचा भौतिकीचा, असा बरोबरीचा कारभार होता.

दुसरी दुपार

१९३३ ला हिटलर आला. माइटनर जन्मानं ज्यू. शिकवण्याचा अधिकार काढून घेतला गेला, पण संस्थेतलं पद राहिलं, कारण पासपोर्ट ऑस्ट्रियाचा होता आणि संस्था पूर्ण सरकारी नव्हती. त्यांनी राहायचं ठरवलं.

हा प्रकरणातला पहिला निर्णय. मी वर्गाला विचारलं, तुम्ही काय केलं असतं?

"मी असतो तर तेहतीसलाच गेलो असतो की ओ, मॅडम," आजऱ्याकडची एक मुलगी म्हणाली. इचलकरंजी म्हणाला, "आणि लॅब? सोळा वर्षं बांधलेला विभाग कुणाच्या हातात देऊन जायचा?" यावर अर्धा तास भांडण झालं. एका मुलानं शांतपणे सांगितलं की त्याच्या वडिलांचा कारखान्यातला पगार दीड वर्ष थकला होता तरी ते रोज जात होते, कारण जाणं बंद केलं की हक्कच संपतो. मला ते उत्तर सगळ्यांत खरं वाटलं. माइटनर यांनी युद्धानंतर स्वतःलाच दोष दिला. तेव्हाच न निघणं हा मूर्खपणा होता आणि चूकही होती, असं त्यांनी लिहिलं. पण १९३३ मध्ये उभं राहून १९३८ दिसत नाही.

शिवाय त्या राहिल्या म्हणूनच पुढचं घडलं. १९३४ साली रोममध्ये भौतिकशास्त्रज्ञ एन्रिको फेर्मी युरेनियमवर न्यूट्रॉन सोडत होता. युरेनियमपेक्षा जड अशी नवीच मूलद्रव्यं तयार होतात असा त्याचा समज झाला. माइटनर यांना ते वाचून राहवलं नाही. वेगवेगळ्या वाटांनी गेलेल्या हानला त्यांनी मागं लागून पुन्हा जोडीला घेतलं. फ्रिट्झ श्ट्रासमान हा तरुण रसायनवाला तिसरा. हा चमू माइटनर यांनी जमवला होता. श्ट्रासमाननं पुढं स्वच्छ सांगितलं की आमच्या चमूचं बौद्धिक नेतृत्व त्यांच्याकडं होतं.

चार वर्षं हे तिघं चुकीच्या वाटेवर होते, हेही सांगायला हवं. सगळे पदार्थ युरेनियमच्या आसपासचेच असणार, असं गृहीत धरून ते चालले होते. १९३४ मध्येच इडा नोडाक या जर्मन रसायनशास्त्रज्ञ बाईंनी लिहिलं होतं की केंद्रकाचे मोठे तुकडे पडत असतील हेही तपासा. कुणी तपासलं नाही. माइटनर यांनीही नाही. बाईचं म्हणणं बाईनंही बाजूला ठेवलं, तेव्हा हे प्रकरण नुसतं पुरुष विरुद्ध बाई असं मांडू नका, म्हटलं.

मार्च १९३८ मध्ये जर्मनीनं ऑस्ट्रिया गिळला आणि माइटनर यांचा पासपोर्ट रातोरात कागदाचा तुकडा झाला. संस्थेतल्याच एका रसायनवाल्यानं, ही ज्यू बाई संस्थेला धोका आहे, असं म्हणायला सुरुवात केली. शास्त्रज्ञांना देशाबाहेर जाऊ द्यायचं नाही असा हुकूम येणार, ही कुणकुण लागली. १३ जुलैला डच भौतिकशास्त्रज्ञ डर्क कॉस्टर त्यांना घेऊन आगगाडीनं हॉलंडची हद्द ओलांडून गेले. दोन लहान बॅगा, पर्समध्ये दहा मार्क आणि हाननं दिलेली त्याच्या आईची हिऱ्याची अंगठी, सरहद्दीवर कुणाच्या हातावर ठेवायची वेळ आली तर असावी म्हणून. वय एकोणसाठ. जर्मनीत एकतीस वर्षं काढलेली.

अंगठी द्यावी लागली नाही. तिथून त्या स्वीडनला गेल्या, स्टॉकहोममध्ये मान्ने सीगबान यांच्या संस्थेत. खोली मिळाली, उपकरणं, मदतनीस, कामाचा मान मिळाला नाही. एकतीस वर्षांचं बर्लिन अळवावरच्या पाण्यासारखं घरंगळून गेलं होतं.

हे मी बोलून गेले आणि मग वाटलं, पाण्याचं हे नुसतं बोलून कशाला सोडायचं.

तिसरी दुपार, अळू

आमच्या लॅबच्या मागं गळक्या नळाखाली अळू माजलंय. लॅबच्या मामांना सांगून दोन मोठी पानं आणवली. त्यांना वाटलं फतफतं करायचंय.

अळवाच्या पानावर पाणी पसरत नाही, गोळा होतं. कारण पृष्ठताण: थेंबाची कातडी त्याला आत ओढून धरते. लहान थेंब गच्च गोल. थेंब मोठा केला की तो चपटा होतो, लिबलिबतो, पान हलवलं की लांबतो, कमरेत बारीक होतो आणि टचकन दोन होतात. आता या थेंबाला विजेचा भार दिलाय असं समजा. सगळा भार एकाच जातीचा, म्हणजे थेंबाचा कण न् कण एकमेकाला दूर ढकलतोय. कातडी आत ओढते, भार बाहेर ढकलतो. केंद्रकाचं नील्स बोर वगैरेंनी रंगवलेलं चित्र हेच होतं.

आता डिसेंबर १९३८. नोव्हेंबरमध्ये हान कोपनहेगनला माइटनर यांना गुपचूप भेटला होता. चमू ज्याला रेडियम म्हणत होता त्या निकालावर बाईंनी शंका घेतली आणि पुन्हा तपासायला सांगितलं. हान आणि श्ट्रासमाननं बर्लिनला परतून तपासलं. रेडियम गोळा करायचं तर बेरियम वाहक म्हणून मिसळतात आणि मग टप्प्याटप्प्यानं स्फटिक करत दोन्ही वेगळे करतात. हे "रेडियम" बेरियमपासून वेगळं होईना. होणार कसं? ते बेरियमच होतं. युरेनियममध्ये ९२ प्रोटॉन, बेरियममध्ये ५६. न्यूट्रॉनचा एक खडा मारल्यावर केंद्रकातून एखाददुसरा कण उडावा, तर अर्धं केंद्रकच गायब! १९ डिसेंबरला हाननं माइटनर यांना पत्र लिहिलं: हे कसं होऊ शकतं, काही सुचतं का बघ. संस्थेतल्या भौतिकीवाल्यांना त्यानं अजून सांगितलं नव्हतं. सांगितलं ते हद्दपार बाईला, पत्रानं. बाईंनी उलट टपाली कळवलं की विचित्र आहे, पण या विषयानं इतके धक्के दिलेत की अशक्य म्हणवत नाही. दरम्यान हान-श्ट्रासमानचा निबंध २२ तारखेला मासिकाकडं गेलासुद्धा.

नाताळात माइटनर स्वीडनमधल्याच कुंगेल्व या गावी होत्या. भाचा ओटो फ्रिश, तोही भौतिकशास्त्रज्ञ, कोपनहेगनहून आला. त्याला स्वतःच्या प्रयोगावर बोलायचं होतं, मावशीनं पत्र पुढं केलं. हान चुकला असेल, भाचा म्हणाला. हान इतका कच्चा रसायनवाला नाही, मावशी म्हणाली. दोघं बर्फात फिरायला निघाले, तो स्कीवर, ती पायी त्याच्या बरोबरीनं. चालता चालता थेंबाची कल्पना पुढं आली. भार वाढत गेला की कातडी सैल पडते; हिशोब केला तर शंभरच्या आसपास भार असलेल्या केंद्रकाची कातडी जवळपास उरतच नाही. युरेनियम ९२ वर, म्हणजे अगदी कडेला. न्यूट्रॉनचा धक्का लागला की थेंब लांबेल, कमरेत बारीक होईल, दोन होतील. वाटेत पडलेल्या एका ओंडक्यावर बसून त्यांनी कागदाच्या चिठोऱ्यांवर आकडे मांडायला घेतले.

आम्हीही फळ्यावर मांडले. दोन तुकडे, बेरियम ५६ आणि क्रिप्टॉन ३६. बेरीज बरोबर ९२. दोघांच्या भारांचा गुणाकार २,०१६. त्याला १.४४ या ठरलेल्या आकड्यानं गुणायचं आणि तुकड्यांच्या मध्यबिंदूंमधल्या अंतरानं भागायचं. तुकडे एकमेकाला चिकटलेले धरले तर अंतर साडेअकरा फेर्मीच्या आसपास (फेर्मी हे केंद्रकाच्या मापाचं एकक) आणि उत्तर २५० मिलियन इलेक्ट्रॉन व्होल्ट, म्हणजे तुकडे उडताना मिळणारी ऊर्जा. थेंब तुटताना लांबलेला असतो म्हणून अंतर साडेचौदा धरलं तर २००. शाहूपुरीनं हिशोब केला, अक्षर सुरेख आहे तिचं.

पण एवढी ऊर्जा येणार कुठून? नुसतं "ढकलतील" म्हणून भागत नाही, कुठंतरी जमाखर्च जुळायला हवा. केंद्रकांची वस्तुमानं काढायचं सूत्र माइटनर यांना तोंडपाठ होतं. त्यांनी हिशोब केला: दोन तुकड्यांचं वजन मिळून मूळ केंद्रकापेक्षा प्रोटॉनच्या पाचव्या हिश्श्याएवढं कमी भरतं. आइनस्टाइनचं व्याख्यान त्यांनी १९०९ साली साल्झबुर्गला ऐकलं होतं, ते त्या कधी विसरल्या नव्हत्या. प्रोटॉनचं वस्तुमान ऊर्जेत ९३८ मिलियन इलेक्ट्रॉन व्होल्ट, त्याचा पाचवा हिस्सा १८८. म्हणजे पुन्हा २०० च्या घरात! एक आकडा विजेच्या ढकलण्यातून आला, दुसरा वजनाच्या तुटीतून आला, आणि दोन्ही एकाच उंबऱ्यावर येऊन उभे.

वर्गात कुणी बोललं नाही. बाहेर वळवाचे टपोरे थेंब पत्र्यावर वाजायला लागले होते. मी एवढंच जोडलं की कोळशातला एक कार्बनचा अणू जळला तर चार इलेक्ट्रॉन व्होल्ट मिळतात; हे त्याच्या पाच कोटी पट.

माइटनर यांची गोष्ट सांगणारे बहुतेक जण या ओंडक्यावर दोन मिनिटं थांबतात आणि नोबेलवर वीस मिनिटं रडतात. मला ते उलटं वाटतं.

दोन निबंध

हान-श्ट्रासमानचा निबंध ६ जानेवारी १९३९ ला छापून आला. बेरियम सापडलं, पण भौतिकीच्या आजवरच्या अनुभवाशी हे जुळत नाही, म्हणून ठाम निष्कर्षाला ते बिचकत होते. माइटनर-फ्रिशचा निबंध 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात ११ फेब्रुवारीला. मधल्या काळात फ्रिशनं कोपनहेगनला तुकड्यांचे विजेचे ठोके प्रत्यक्ष मोजले. पेशी फुटून दोन होतात त्याला काय म्हणतात, हे एका जीवशास्त्रज्ञाला विचारून त्यानं शब्दही घेतला. आपण विखंडन म्हणतो ते तेच.

एक शोध, दोन निबंध, चार नावं. काय सापडलं ते एका कागदावर, ते काय आहे हे दुसऱ्यावर.

हाननं पहिल्या निबंधावर माइटनर यांचं नाव का घातलं नाही? इचलकरंजीनं विचारलं. घालता आलं नसतं. पळून गेलेल्या ज्यू बाईबरोबर अजून काम चालू आहे हे उघड झालं असतं तर हानची आणि संस्थेची धडगत नव्हती. इथपर्यंत मी हानच्या बाजूनं आहे. ज्या माणसानं आईची अंगठी काढून दिली त्याला १९३८ च्या डिसेंबरसाठी मी दोष देणार नाही.

पण भीतीनं सुरू झालेलं गप्प राहणं नंतर सोयीचं झालं. १९३९ पासूनच हान म्हणू लागला की शोध रसायनाचा, भौतिकीनं उलट आम्हाला अडवून धरलं होतं. १९४४ चं रसायनाचं नोबेल १९४५ च्या नोव्हेंबरमध्ये जाहीर झालं, एकट्या हानला. श्ट्रासमानलाही नाही. युद्ध संपलं होतं, हिटलर मेला होता, आता खरं बोलायला कुणाची भीती नव्हती. नोबेलच्या भाषणात हाननं माइटनर-फ्रिशच्या स्पष्टीकरणाचा उल्लेख केला. पण चमू कुणी जमवला, पुन्हा तपासा कुणी सांगितलं, हे ठणकावून सांगायची वेळ होती तेव्हा तो अडखळला. पहिलं मौन लादलेलं होतं, दुसरं निवडलेलं. माझं भांडण दुसऱ्याशी आहे.

माइटनर यांना चाळीसहून अधिक वेळा नामांकन मिळालं, नोबेल कधीच नाही. १९४३ मध्ये बॉम्बच्या कामाला या म्हणून बोलावणं आलं. बॉम्बशी मला काही कर्तव्य नाही, असं सांगून त्यांनी ते परतवलं. अमेरिकी वर्तमानपत्रांनी तरीही त्यांना बॉम्बची आई ठरवलं. १९६६ मध्ये अमेरिकेचा फेर्मी पुरस्कार हान, श्ट्रासमान आणि त्यांना मिळून दिला गेला. १९६८ साली केंब्रिजला त्या गेल्या, हान त्याच वर्षी तीन महिने आधी. १०९ क्रमांकाच्या मूलद्रव्याला आज माइटनेरियम म्हणतात.

आणि एक टेबल आहे. म्युनिकच्या डॉइचेस म्युझियममध्ये विखंडनाच्या प्रयोगाची उपकरणं एका टेबलावर मांडून ठेवली होती. पाटीवर सुमारे तीन दशकं लिहिलेलं होतं: ओटो हान यांचं कामाचं टेबल. त्यातली बरीच उपकरणं माइटनर यांच्या विभागातली.

कोपऱ्यात अळवाची पानं घ्यायला थांबलेले मामा म्हणाले, "टेबल कुणाचं असतंय, मॅडम? पुसतंय त्याचं."

सगळे हसले. शाहूपुरी हसली नाही.

पोस्टर

मी पोस्टरचा विषय काढला नाही. तिसऱ्या दुपारी साडेपाचला शाहूपुरी स्टाफरूमच्या दारात उभी होती. "मॅडम, आम्हाला कुठं हिटलर होता?" एवढंच म्हणाली. मग बरीच बोलली. तीन आठवडे रात्री आठपर्यंत थांबून मोजण्या घेतल्या त्या आम्ही, फोटो बघून दहा मिनिटांत सांगितलं तिनं. बरोबरीनं नाव घातलं तर आमच्या रात्रींचं काय? प्रश्न रास्त होता. हान-श्ट्रासमानचं रसायनही रास्तच होतं. त्यांच्यासारखे हात नसते तर ओंडक्यावर बसून काही मांडायलाच नव्हतं. मी तिला तसं सांगितलं. आणि हेही सांगितलं की या प्रकरणात सगळ्यांत कमी रास्त माझी सही आहे. तू चिडून वगळलंस, मी न बघता. रोज समोर दिसणारी दोन तोंडं म्हणजेच प्रकल्प, असं मी धरून चालले होते.

गुणपत्रिकेत बदल करता येईना. नियमाप्रमाणं तिसरीनं सेमिस्टर भरलेलंच नव्हतं. परीक्षकांना मी पत्र लिहून चूक कळवली, त्यांनी पोच दिली, पुढं काही झालं नाही. पोस्टर मात्र आमचं होतं. पुन्हा छापायचे साडेतीनशे रुपये कुणी द्यायचे यावर दोघांत वाद झाला, म्हणून शेवटी पांढऱ्या पट्टीवर नाव टाइप करून चिकटवलं. पट्टी जरा तिरकी बसलीय. गडहिंग्लजला फोन केला तर म्हणाली, "असू दे ओ मॅडम, कशाला एवढं."

जूनच्या दुसऱ्या आठवड्यात ती आली, मालाच्या खरेदीला बाजारात आली होती म्हणून. हातात दोन पिशव्या, चप्पल चिखलानं भरलेली. व्हरांड्यात पोस्टरसमोर उभी राहिली. शाहूपुरीही तिथंच होती, दाखला न्यायला आलेली. दोघी एकमेकींशी काही बोलल्या नाहीत. गडहिंग्लजनं पट्टीकडं बघितलं का ते मला कळलं नाही. ती वाकून तिसरा तक्ता वाचत होती.

"मॅडम, पेन आहे का?" ती म्हणाली. "यातनं बॅकग्राउंड वजा केलेलं नाही."

शाहूपुरीनं पर्समधून पेन काढून दिला.